रेषा, वक्र आणि लाल माती : टेनिसवरून तीन रंगांचा लिनोकट

क्ले कोर्टवर चेंडू आत पडला की बाहेर, यावर वाद झाला की, निकाल यंत्रावर सोपवलेला नसेल तिथे, पंच खुर्चीवरून खाली उतरतात आणि मातीत उमटलेला चेंडूचा ठसा शोधतात. हा ठसा पुरता गोल नसतो. चेंडू सपाट कोनातून आला असेल तर लांबट, वरून उतरला असेल तर गोलसर. शेजारी खेळाडूच्या बुटाची घसरत गेलेली रेघही असते. खेळ पुढे सरकलेला असतो, पण त्याची दिशा आणि दाब जमिनीवर टिकून राहतात. मुद्राचित्रण करणाऱ्यांना हा खेळ परका वाटायचं कारण नाही.

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर घेतलेला छाप; कोरलेल्या तुकड्याला ठसा म्हणतात. या लेखात टेनिसवरून तीन ठशांचा लिनोकट कसा करायचा हे पहिल्या रेखाटनापासून शेवटच्या सहीपर्यंत सांगते आहे. छापयंत्र लागणार नाही, स्टीलचा चमचा पुरेल. शाळेत किंवा कला महाविद्यालयाच्या फाउंडेशन वर्षात एकरंगी लिनो केला असेल तर उत्तम, नसेल तरी अडणार नाही. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ठरवून टाकावी: आपण खेळाडूचं व्यक्तिचित्र करत नाही आहोत. टेनिसमध्ये छापण्याजोगं जे आहे ते चेहऱ्यात नाही. ते कोर्टाच्या न हलणाऱ्या सरळ रेषा आणि त्यांवर झेपावणारं वाकलेलं शरीर यांच्यातल्या ताणात आहे. पुढची प्रत्येक पायरी हा ताण सांभाळण्यासाठीच आहे.

आधी १९३० च्या आसपासचं लंडन

ही वाट आधी कोणी घातली ते माहीत असलं की निम्मे निर्णय सोपे होतात. १९२५ मध्ये लंडनच्या पिम्लिको भागात ग्रोव्हनर स्कूल ऑफ मॉडर्न आर्ट सुरू झालं. १९२६ ते १९३० या काळात चित्रकार क्लॉड फ्लाइट तिथे लिनोकट शिकवत असत. लिनो तेव्हा जमिनीवर अंथरायचं स्वस्त साहित्य होतं. जवसाचं तेल, बुचाचा भुगा आणि मागे तागाचं कापड, असा तो थर. कलेच्या जगात त्याला मान नव्हता, आणि फ्लाइटना तो नेमका याच कारणासाठी हवा होता. सामान्य माणूस रोजच्या बिअरवर किंवा सिनेमाच्या तिकिटावर जेवढे पैसे घालवतो तेवढ्यात त्याला चित्र घेता यावं, असं त्यांचं म्हणणं. कोरायला छत्रीच्या काडीपासून केलेलं हत्यारही चालेल, असं ते सांगत.

सिरिल पॉवर आणि सिबिल अँड्र्यूज ही या शाळेशी जोडलेली दोन मोठी नावं. पॉवर मूळचे वास्तुविशारद, अँड्र्यूज शाळेच्या पहिल्या सचिव. नौकांच्या शर्यती, मोटारी, जत्रेतले पाळणे, भुयारी रेल्वेचे सरकते जिने, असा वेगाचा प्रत्येक प्रकार त्यांनी लिनोत कोरला. पॉवर यांचा ‘टेनिस’ हा लिनोकट १९३३ च्या सुमाराचा. त्याच काळात दोघं मिळून ‘अँड्र्यू-पॉवर’ या जोडनावाने लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी खेळांची पोस्टर करत होते. विम्बल्डनला जाणाऱ्या प्रवाशांसाठीचं पोस्टरही त्यांत आहे.

आपल्याला त्यांच्याकडून तीन गोष्टी घ्यायच्या आहेत. पहिली, फ्लाइट काळ्या बाह्यरेषेचा मुख्य ठसा वापरू देत नसत. चित्र तीन-चार रंगांच्या ठशांतूनच उभं राहायला हवं. दुसरी, पारदर्शक रंग एकमेकांवर चढवून नवे रंग मिळवायचे. तिसरी, छपाई पातळ कागदावर, पाठीमागून हाताने घासून. आज घरी काम करणाऱ्याच्या खिशाला आणि जागेला या तिन्ही गोष्टी मानवतात.

टेनिसने कलावंतांना नंतरही सोडलं नाही. पॅरिसच्या रोलाँ गारोस (फ्रेंच ओपन) स्पर्धेचं पोस्टर १९८० पासून दर वर्षी एखादा चित्रकार करतो. पहिलं व्हालेरिओ आदामी यांचं होतं. २०१० चं पोस्टर नलिनी मालानी यांचं, म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या चित्रकर्तीचं. ही पोस्टरमाला इंटरनेटवर सलग पाहायला मिळते. काम सुरू करण्याआधी एक संध्याकाळ तिला द्या. तोच चेंडू आणि तीच माती, पण कोणी फक्त रंग घेतला आहे, कोणी फक्त हालचाल.

कोर्टशेजारी बसून काढायचं

फोटोवरून चित्र काढण्याचा मोह होतो, आणि फोटो हाताशीही असतात. तरी पहिली रेखाटनं कोर्टशेजारी बसूनच करा. वृत्तपत्रातल्या छायाचित्रावर छायाचित्रकाराचा किंवा वृत्तपत्राचा हक्क असतो, हे एक कारण. दुसरं कारण त्याहून मोठं: कॅमेरा हालचाल गोठवतो आणि आपल्याला ती वाहती ठेवायची आहे. रॅकेट आणि चेंडू यांचा प्रत्यक्ष संपर्क सुमारे ५ मिलिसेकंदांचा असतो, डोळ्याला तो दिसतच नाही. अमेरिकी अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात लुकलुकणाऱ्या दिव्याच्या साहाय्याने टेनिसच्या फटक्याची छायाचित्रं घेतली. त्यांत रॅकेटच्या एकामागोमाग एक प्रतिमा पंख्यासारख्या उलगडत जातात. ती जरूर पाहा, पण त्यांची नक्कल करू नका.

जवळच्या क्लबमध्ये किंवा सार्वजनिक कोर्टवर सकाळी लवकर जा. आठच्या सुमाराला सावल्या लांब असतात आणि सावली हा तुमच्या गडद ठशाचा हक्काचा आकार आहे. भर दुपारी ती पायाखाली गोळा होऊन निरुपयोगी होते. सरावाला आलेला कोणी सर्व्हिस घोटवत असेल तर त्याच्याच शेजारी बसा. रॅली, म्हणजे चेंडूची सलग देवाणघेवाण, अंदाजाबाहेर असते, सर्व्हिस मात्र पुन्हा पुन्हा तशीच येते. पहिल्या वेळी निसटलेली रेषा पुढच्या वेळी पकडता येते.

वहीत एकाच सर्व्हिसचे पाच थांबे वेगवेगळे काढा: चेंडू वर सोडलेला हात, गुडघे वाकून खांदे तिरके झालेली अवस्था, रॅकेट पाठीमागे खाली पडलेली, चेंडूशी भेट, आणि फटक्यानंतर कोर्टात टाकलेलं पाऊल. प्रत्येकाला दहा सेकंदांहून जास्त देऊ नका. बोटं, नाक, बुटाच्या लेस यांकडे लक्ष नको. फक्त तीन रेषा शोधा. चेंडू वर सोडणाऱ्या हाताच्या टोकापासून मागच्या टाचेपर्यंत जाणारी लांब कमान, दोन खांद्यांची तिरकी रेष, आणि रॅकेटने हवेत काढलेला वळसा. या तीन रेषा बरोबर आल्या की डोकं काढलेलं नसलं तरी माणूस सर्व्हिस करतो आहे हे कळतं.

एक पान जमिनीसाठी राखा. क्ले असेल तर चेंडूचे ठसे, घसरलेले पाय, कोर्ट झाडल्यावर ब्रशने मागे सोडलेले समांतर ओरखडे. हार्ड कोर्ट असेल तर रेषेजवळ झिजलेला रंग आणि बुटांच्या काळ्या खुणा. चित्रात पोत कुठून आणायचा हा प्रश्न पुढे हमखास येतो, तेव्हा हे पान उपयोगी पडतं.

जुनी रॅकेट मिळाली तर तिच्या तारांवर पातळ कागद ठेवून वरून ग्राफाइटची कांडी घासा. साधारण १६ उभ्या आणि १९ आडव्या तारांची जाळी लगेच उमटते. मधल्या तारा दाट आणि कडेच्या विरळ असतात हे तेव्हाच नीट जाणवतं. पुढे लिनोवर ही जाळी कोरायची नाही, पण तिची घनता डोळ्यात असायला हवी.

मांडणी

ठसा २० × २५ सेंमीचा धरू. कोर्ट अंदाजाने काढू नका. टेनिस पाहणाऱ्याला प्रमाण चुकलेलं कोर्ट लगेच खटकतं, का खटकतं ते सांगता आलं नाही तरी. पूर्ण कोर्ट ७८ फूट लांब. रुंदी दुहेरीसाठी ३६ फूट, एकेरीसाठी २७. सर्व्हिस लाइन नेटपासून २१ फुटांवर. नेट मध्यभागी ३ फूट उंच, खांबांपाशी साडेतीन. १ सेंमी म्हणजे ४ फूट असं प्रमाण घेतलं तर कोर्ट १९.५ × ९ सेंमीचं होतं आणि आपल्या ठशात वरून पाहिल्यासारखं नीट बसतं. एकेरीची रुंदी ६.७५ सेंमी, सर्व्हिस लाइन नेटपासून ५.२५ सेंमीवर.

हा आराखडा आधी साध्या कागदावर मोजून काढा. मग तो टेबलावर ठेवून त्याच्याकडे तिरक्या कोनातून बघा, हवं तर मोबाइलने फोटो घ्या. बेसलाइनच्या (कोर्टाच्या टोकाच्या आडव्या रेषेच्या) मागून, थोडं बाजूला आणि बरंच वरून, असा कोन मला सगळ्यात जास्त देणारा वाटतो. सगळ्या रेषा तिरक्या पडतात, त्यामुळे चित्राच्या चौकटीशी त्यांची झटापट सुरू होते. पॉवर यांनी ‘द एट’ या १९३० च्या लिनोकटमध्ये नौकेकडे पुलावरून खाली पाहिलं आहे. उंचीवरून पाहिलं की जमीन पार्श्वभूमी राहत नाही, तीच मुख्य आकार होते. समोरून, डोळ्यांच्या पातळीवरून काढलेल्या टेनिसमध्ये जमीन जवळजवळ नाहीशी होते आणि मागे प्रेक्षक, जाहिराती, झाडं यांचा पसारा गोळा होतो. तो कोरत बसण्यात हशील नाही.

या प्रमाणात २ इंच रुंद रेषा जेमतेम ०.४ मिमीची होते. एवढी बारीक रेघ लिनोत कोरता येते, पण छापताना शाई तिला बुजवते. रेषा मुद्दाम जाड करा. जवळची बेसलाइन २ मिमी, नेटपलीकडची १ मिमी. खऱ्या कोर्टवरही बेसलाइन इतर रेषांपेक्षा जाड आखायला परवानगी असते, तेव्हा ही अतिशयोक्ती खेळाच्या अंगाबाहेरची नाही.

आता वक्र. ग्रोव्हनरच्या मंडळींचं खरं बळ इथे होतं. ते सभोवतालची जागाच वाकवत. हे करून पाहायचं तर रॅकेट आणि चेंडू यांच्या भेटीची जागा कागदावर पक्की करा. तिच्याभोवती रॅकेटच्या मार्गाचा लंबवर्तुळाकार वळसा काढा, आणि त्याला समांतर असे तीन-चार वळसे बाहेर पसरत न्या. यांतला एखादा वळसा खेळाडूच्या पाठीची कड होईल, एखादा सावलीची. बेसलाइन खेळाडूच्या पायापाशी किंचित वाकवा. पण एक रेषा पूर्ण सरळ राहू द्या. मी नेटवरची पांढरी पट्टी सरळ ठेवते. सगळंच वाकलं तर काहीच वाकल्यासारखं वाटत नाही. डोळ्याला मोजायला एक सरळ काठी लागते.

चेंडू किती मोठा? खरा चेंडू साधारण ६.७ सेंमी व्यासाचा, आपल्या प्रमाणात तो अर्धा मिलिमीटर होईल. तो ५ ते ६ मिमीचा करा. मार्ग दाखवायला एकच चेंडू पाच वेळा काढण्यापेक्षा एक चेंडू आणि मातीतला त्याचा आधीचा लांबट ठसा, या दोनच खुणा ठेवा. दिशा आपोआप वाचली जाते.

रंग : तीन शाया, आठ छटा

तीन पारदर्शक शाया एकमेकांवर चढवल्या तर तीन स्वतंत्र रंग, तीन जोड्या, तिन्ही मिळून एक, असे सात रंग आणि आठवा कोरा कागद मिळतो. हा हिशोब मांडणीतच करावा लागतो. चित्राच्या छोट्या प्रतीवर प्रत्येक आकारात १, १+२, २+३ असे आकडे लिहून टाका. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळलं तर तिसऱ्या ठशापाशी गोंधळ ठरलेला.

क्लेसाठी माझी निवड अशी: पहिला ठसा फिक्या पिवळ्याचा, दुसरा विटकरी तांबड्याचा, तिसरा गडद निळ्याचा. रोलाँ गारोसच्या कोर्टवर वरचा थर बारीक दळलेल्या विटांचा असतो, जाडी १-२ मिलिमीटर, आणि खाली चुनखडीचा. तो रंग ट्यूबमधल्या लाल रंगाने येत नाही. पिवळ्यावर पारदर्शक विटकरी चढलं की माती उबदार होते. विटकरीवर निळा चढला की सावली येते आणि ती काळी न दिसता तपकिरी-जांभळी दिसते. हार्ड कोर्ट करायचं असेल तर क्रम पिवळा, हिरवट निळा, गडद निळा असा ठेवा.

चेंडूसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या ठशात गोल कोरून काढायचा, म्हणजे फक्त पिवळा उरतो. जुन्या काळाचं चित्र करत असाल तर तिन्ही ठशांत कोरा, चेंडू कागदाचा पांढरा राहील. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने पिवळे चेंडू १९७२ मध्ये नियमात आणले आणि विम्बल्डनने पांढरा चेंडू १९८६ मध्ये सोडला. लाकडी रॅकेट, लांब विजार आणि पिवळा चेंडू एकत्र आले तर जाणकार हळहळेल.

साहित्य

करड्या किंवा तपकिरी रंगाचा, सुमारे ३ मिमी जाडीचा खरा लिनो घ्या, २० × २५ सेंमीचे तीन तुकडे. मऊ रबराची पत्रं कापायला सोपी असतात, पण सरळ बारीक रेषेत कड दबते, आणि आपलं सगळं चित्र सरळ बारीक रेषांवर उभं आहे. हत्यारं तीन: बारीक व्ही आकाराची कोरणी, मध्यम यू आकाराची, आणि मोठे भाग साफ करायला रुंद यू. सोबत धारदार कटर आणि स्टीलची पट्टी. रबरी रोलर १० सेंमीच्या आसपासचा. शाई लावायला जाड काच, कडा घासून घेतलेली.

शाई तेलाची हवी. आपल्याकडे अनेक विद्यार्थी ऑफसेट छपाईची शाई वापरतात. ती छापखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत मिळते आणि चांगली चालते. सोबत पारदर्शक माध्यम, म्हणजे शाईत मिसळायचा रंगहीन पदार्थ, घ्या, त्याशिवाय वर सांगितलेला आठ छटांचा हिशोब कोलमडतो. पाण्याची शाई धुवायला सोपी, पण उन्हाळ्यात ती रोलरवरच सुकते.

कागद पातळ असू द्या. चमच्याने घासायचं तर ४० ते ६० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला) जपानी किंवा नेपाळी कागद सगळ्यात सोयीचा. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी पातळ प्रकार हाताळून, उजेडात धरून निवडता येतात. खडबडीत जाड कागद मोहक दिसतो, पण त्याला छापयंत्राचा दाब लागतो. कागद ३० × ३५ सेंमीचा कापा, चारी बाजूंनी ५ सेंमी समास राहील.

उजवा खेळाडू डावरा होऊ नये म्हणून

ठसा छापताना चित्र उलटतं. निसर्गचित्रात हे खपून जातं, टेनिसमध्ये नाही. उजव्या हाताचा खेळाडू डावरा होतो, फोरहँडचा बॅकहँड वाटायला लागतो. उपाय सोपा आहे. चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने, २बी किंवा ४बीने, गडद काढा. कागद पालथा घालून लिनोवर चिकटपट्टीने बसवा आणि मागून चमच्याने घासा. लिनोवर उलटं चित्र उमटेल, म्हणजे छाप सुलट येईल. पेन्सिल कोरताना पुसली जाते, म्हणून त्या रेषा बॉलपेनने पक्क्या करा.

त्याआधी लिनोच्या पृष्ठभागावर पातळ केलेल्या शाईचा हलका हात फिरवून सुकू दिलेला असेल तर कोरलेला भाग फिकट आणि उरलेला भाग रंगीत दिसतो. काय छापणार आणि काय नाही हे कोरतानाच कळतं.

कोरणं

सुरुवात ज्या ठशात सर्वाधिक माहिती आहे त्याने करा. आपल्या मांडणीत तो गडद निळ्याचा, म्हणजे छपाईत शेवटी येणारा तिसरा ठसा: सावली, शरीराची गडद बाजू, नेटचा भाग.

लिनो थंडीत कडक होतो आणि तुकडे उडतात. दहा मिनिटं उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. टेबलाच्या कडेला अडकणारी, वरच्या बाजूला आडवी पट्टी असलेली फळी सुताराकडून करून घ्या. लिनो त्या पट्टीला टेकवून हत्यार नेहमी स्वतःपासून दूर ढकलायचं. धरणारा हात सतत हत्याराच्या मागे. बहुतेक जखमा बोथट हत्याराने होतात, कारण जोर जास्त लावावा लागतो. अधूनमधून चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची पेस्ट लावून धार काढत राहा.

कोर्टाच्या रेषा कोरणीने ओढू नका, हात हलतो. स्टीलची पट्टी ठेवून कटरने रेषेच्या दोन्ही बाजूंना तिरका काप द्या, दोन्ही काप खाली आत भेटतील असे. मधली चीप अलगद उचलली जाते. कापाचा उतार महत्त्वाचा आहे. उरलेल्या लिनोची कड वरून अरुंद आणि खाली पसरट हवी. ती आतून पोखरली गेली तर छपाईच्या दाबाखाली मोडते. खोली १ ते दीड मिलिमीटर पुरे. तागाचं कापड दिसायला लागलं तर जरा जास्त झालं.

वळणांत उलटं करायचं. हात स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने लिनो फिरवायचा. रॅकेटचा वळसा अखंड आला पाहिजे, आणि मध्ये थांबून पुन्हा सुरू केलेली कोरणी प्रत्येक वेळी एक गाठ सोडते. लांब वळसा एका दमात घेण्याआधी टाकाऊ तुकड्यावर दोनदा हात फिरवून घ्या.

नेट ही परीक्षेची जागा. चौकोन चौकोन कोरत गेलात तर कुंपणाची जाळी दिसते आणि डोळा तिथेच अडकतो. वरची पांढरी पट्टी ठसठशीत कोरा. खाली फक्त तिरक्या बारीक रेघांचा एक थर द्या, खांबाकडे दाट आणि मधे विरळ. रॅकेटच्या तारांचंही तसंच. वेगात फिरणाऱ्या रॅकेटच्या तारा दिसत नाहीत. रिकामं लंबवर्तुळ आणि त्यात दोन-तीन तुटक रेघा पुरतात.

मातीचा पोत विटकरीच्या ठशात आणायचा. कोर्टवरचं जमिनीचं पान आता बाहेर काढा. ब्रशच्या ओरखड्यांसाठी बारीक कोरणीने लांब, उथळ, जवळजवळ समांतर रेघा. त्यांना छेदून गेलेली बुटाची एक घसर रुंद कोरणीने एकाच झटक्यात. तिथे हात घाबरला तर घसरही घाबरलेली दिसते.

बाकीचे दोन ठसे जुळवणं

जाड पुठ्ठ्यावर लिनोच्याच जाडीच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवा. लिनोचा कोपरा या काटकोनात घट्ट बसला पाहिजे. बाहेरच्या बाजूला कागदासाठी तसाच दुसरा, पातळ पुठ्ठ्याचा काटकोन करा. तीनही ठसे आणि सगळे कागद याच चौकटीत बसतील. तिन्ही तुकडे अगदी एका मापाचे कापलेले असणं इथे निर्णायक ठरतं, अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बेसलाइनला दुहेरी करतो.

कोरून झालेल्या निळ्याच्या ठशाला शाई लावा, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद चौकटीत नेमका बसवून छाप घ्या. मग चौकटीतून तो ठसा काढून तिथे कोरा लिनो ठेवा आणि तोच ओला प्लास्टिक कागद त्याच जागी पालथा दाबा. निळ्याच्या ठशाचं चित्र नव्या लिनोवर जसंच्या तसं उतरेल. ते सुकलं की त्याच्या आधारे विटकरीचा ठसा कोरा, मग असाच पिवळ्याचा. जिथे दोन रंग शेजारी येतात तिथे काटोकाट भेटण्याऐवजी गडद रंग फिक्यावर एक मिलिमीटर चढू द्या. पांढरी फट राहत नाही.

एकाच लिनोवर थोडं कोरून छापायचं, पुन्हा कोरून पुन्हा छापायचं अशीही पद्धत आहे. तिच्यात जुळवणी सोपी, पण परतीचा रस्ता नाही, आणि रंगांचा क्रम बदलून पाहता येत नाही. टेनिसच्या चित्रात क्ले, हार्ड आणि गवत असे तीन अवतार एकाच ठशांच्या संचातून काढता येतात. ती मुभा मी सोडणार नाही.

छपाई

शाई काचेवर घेऊन माध्यमात मिसळा. पिवळ्यात अर्धं, विटकरीत अर्ध्याहून थोडं जास्त माध्यम, निळ्यात एक तृतीयांश. हे प्रमाण शाईगणिक बदलतं, म्हणून वाया जाणाऱ्या कागदावर बोटाने ओढून पाहा. रोलर काचेवर फिरताना बारीक चरचर असा आवाज यायला हवा. चपचप आवाज आला तर शाई जास्त आहे आणि तुमच्या बारीक रेषा बुजणार. ठशावर एकदाच जाड थर देण्यापेक्षा चार-पाच पातळ थर, दर वेळी दिशा बदलून.

फिक्याकडून गडदकडे छापा. कागद चौकटीत टेकवून हळूच खाली सोडा, तळहाताने चिकटवा, मग चमच्याच्या पाठीने मधून बाहेर छोट्या वर्तुळांत घासा. पातळ कागदातून शाई मागच्या बाजूला दिसायला लागते, तेवढ्यावरून कुठे दाब कमी पडला ते कळतं. कडा आणि कोर्टाच्या रेषांच्या दोन्ही बाजू पुन्हा एकदा घासा. सोलण्याआधी एक कोपरा उचलून आत डोकावा. फिकट वाटला तर परत टेकवून घासता येतं.

एका रंगाच्या सगळ्या प्रती काढून दोरीवर चिमट्यांनी टांगा. तेलाच्या शाईला पुढचा रंग घेण्याआधी दोन-तीन दिवस लागतात, पावसाळ्यात त्याहून बरेच जास्त. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये हे काम काढू नये असं मी सांगेन. ठरवलेल्या आवृत्तीपेक्षा पाच-सहा कागद जास्तच छापा, तिसऱ्या रंगापर्यंत काही बिघडतात. हत्यारं आणि काच आधी खाद्यतेलाने पुसा, मग साबणाने धुवा. टर्पेंटाइन लागलंच तर खिडकी उघडी ठेवून.

चाचणी छाप वाचणं

पहिला तीन रंगांचा छाप भिंतीवर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. तीन प्रश्न विचारा. डोळा आधी कुठे जातो? तो चेंडूकडे किंवा भेटीच्या जागेकडे जायला हवा. प्रेक्षकांत किंवा नेटमध्ये अडकला तर तिथे आणखी कोरून शांत करा. दुसरा, जमीन पुरेशी मोठी आणि रिकामी आहे का? टेनिसमध्ये खेळाडू एकटा असतो, आणि हा एकटेपणा कोर्टाच्या मोकळ्या भागातून येतो. नवशिक्याला मोकळी जागा अर्धवट राहिलेली वाटते आणि तो ती पोताने भरतो. भरू नका. तिसरा, सरळ राहिलेली रेषा खरंच सरळ दिसते का?

मग तोच छाप आरशात पाहा. वजन एका बाजूला झुकलं असेल तर आरशात लगेच जाणवतं. लिनोवर पुन्हा भर घालता येत नाही, म्हणून काढायचं ते थोडं थोडं काढा आणि दर वेळी चाचणी घ्या. रंग मात्र मोकळेपणाने बदलून पाहा. माझ्या अनुभवात विटकरीत चिमूटभर निळा मिसळल्यावर माती एकदम खरी वाटायला लागते.

आवृत्ती आणि सही

किती प्रती काढायच्या ते छपाईआधी ठरवा. हाताने घासून १५ ते २० प्रती एकसारख्या येणं हे चांगलं काम आहे. सगळ्या प्रती शेजारी शेजारी मांडून ज्या जुळत नाहीत त्या बाजूला काढा. चित्राच्या खाली समासात पेन्सिलीनेच लिहा: डावीकडे क्रमांक, उदाहरणार्थ ४/१५, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि साल. स्वतःसाठी राखलेल्या दोन-एक प्रतींवर क्रमांकाऐवजी ‘कलावंत प्रत’ लिहिण्याचा रिवाज आहे. विकायच्या प्रतींवर स्पर्धेचं बोधचिन्ह किंवा प्रायोजकाचं नाव येऊ देऊ नका, कोर्टमागच्या जाहिराती रेखाटनातच गाळून टाका.

ठसे तेलाने पुसून, मध्ये कागद घालून, सपाट ठेवा. गुंडाळून ठेवलेला लिनो भेगाळतो. ते जपले तर पुढच्या खेपेला विटकरी ठसा हिरव्या शाईने, पिवळा त्याहून फिका करून छापता येईल, आणि त्याच खेळाडूला क्लेवरून गवतावर नेता येईल. गवतावर चेंडूचा ठसा उमटत नाही, तेवढा मात्र कोरून टाकावा लागेल.